शेजारी नसताना गळणारा ट

आधी ट गेला. तो गेला तेव्हा मी शाबासकी दिली.

केज तालुक्यात युसूफ वडगाव म्हणून गाव आहे, त्याच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. आमच्या पोरांना इंग्रजी लिहिता येतं, वाचताही येतं, पण मोबाइलवर कुणी गोरा माणूस बोलायला लागला की सगळ्यांचे चेहरे पडतात. 'मॅडम, त्यो शब्द खातो,' म्हणतात. मी म्हणते, अरे बाबांनो, तो खात नाही, जोडून बोलतो. तुम्ही नाही का 'गेलो होतो'चं 'गेलतो' करत? कोण शिकवायला आलं होतं तुम्हाला? मग हसतात. पण हसण्यानं परीक्षा पास होत नाही. म्हणून मी एक पुस्तिका लिहायला घेतली. इंग्रजी बोलताना आवाज एकमेकांत कसे जातात ते आपल्या मराठीत समजावून सांगायचं, आणि सोबत मोबाइलवर ऐकायला रेकॉर्डिंग द्यायचं.

लिहायला बसले आणि क्रियापदांवर अडकले. जुन्या पुस्तकांत जिथं तिथं 'लोप पावतो'. लोप काय पावतो, डोंबल. पोरांना वाटणार कुणी ऋषी अंतर्धान पावले. 'मिसळतो' लिहावं तर कोण कुणात गेलं तेच कळत नाही. मला प्रत्येक प्रकाराला त्याचं त्याचं क्रियापद हवं होतं. 'ॲन ॲपल' म्हणताना न पुढच्या स्वराला धरून बसतो, तिथं मी 'बिलगतो' लिहिलं. 'डिड यू'मधले ड आणि य मिळून तिसराच ज होतो, दोघांपैकी एकही शिल्लक राहत नाही. तिथं 'कालवले जातात', दुधात भाकरी कालवतो तसे. 'गुड बॉय'मध्ये ड आपली जागा सोडतो आणि पुढच्या ब साठी आधीच ओठ मिटतो. तिथं 'वाकतो'. 'नेक्स्ट डे'मधला ट तर सरळ जातोच. तिथं मी 'गिळला जातो' लिहिलं आणि घरात भांडण झालं.

भांडण नवऱ्याशी. आमचे हे शेती बघतात आणि लग्नांत माइक धरतात. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं नवरदेव उशिरा आला तर चालतं, पण पुढाऱ्याचं नाव माइकवर उशिरा आलं तर चालत नाही. मांडवात कुणी मोठा माणूस शिरला की खालून चिठ्ठी येते, आणि माइकवाल्यानं त्याचं पद, त्याचं गाव, त्याचं पूर्ण नाव घेऊन स्वागत करायचं असतं. आजी आधी, माजी नंतर. सभापतीच्या आधी सरपंचाचं नाव घेतलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत अबोला. यांचा आवाज असा की दोन शेतं पलीकडं पाणी देणाऱ्या माणसालाही कोण आलं ते कळायचं. प्रत्येक अक्षर सुटं. मांडव आणि साउंड माझ्या दिराचं, आवाज यांचा. सगळ्या केज तालुक्यात त्यांना याच कामानं ओळखायचे.

'गिळला म्हणू नको,' हे म्हणाले. 'माइकवर अक्षर गिळलं की माणूस संपला.'

'अहो, हे माइकचं नाही, इंग्रजीचं आहे.'

'कशाचं का असंना. गिळायला त्यो काय घास हाय?'

मी चिडले, दोन दिवस धुसफुसले आणि मग मुकाट 'गळतो' लिहिलं. पिकलं पान गळतं तसा ट गळतो, पुढच्या आवाजाचा धक्का लागला म्हणून. त्याखाली मी नियम लिहिला: आवाज आपला आपण कधीच गळत नाही. शेजारी असतो म्हणून गळतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

रेकॉर्डिंगसाठी आवाज यांचाच घ्यायचा असं मी आधीच ठरवलं होतं. माझा आवाज वर्षानुवर्षं फळ्यापुढं ओरडून चिरका झालाय. यांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण मी म्हणावं आणि त्यांनी मागून म्हणावं, एवढं तर जमणारच होतं. जागा दिराचं गोदाम. मांडवाच्या कनाती, गाद्या, लोड यांच्या थप्प्या छताला लागलेल्या, त्यामुळं आत आवाज घुमत नाही. रविवारी सकाळी आम्ही तिथं जायचो. खिळे-दोऱ्या ठेवायची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर माझी वही आणि मोबाइल. यांचं चुकलं की मी पेटीवर पेन्सिल आपटायची. एकदा आपटली की पुन्हा म्हणायचं.

आणि चुकायचं तर सारखंच. 'नेक्स्ट. डे.' दोन खिळे ठोकल्यासारखं. ट असा वाजायचा की गोदामातल्या चिमण्या उडायच्या.

'जोडून म्हणा हो.'

'जन्मभर अक्षर सुटं करायला शिकलो, आता तू चिकटव म्हणती. मॅडम, एक काय ते ठरवा.'

पेन्सिल आपटून माझं बोट दुखायचं. पण खरं सांगते, ते रविवार फार चांगले होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांसमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडं इतकं निरखून आम्ही कधी बघितलं नव्हतं.

त्याच सुमाराला दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. वैशाखात. ही यांची एकुलती एक पुतणी. आम्हाला मूल नाही, त्यामुळं ती आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिच्या बारशाला यांनी माइकवरून सगळ्या गावाला सांगितलं होतं, हिच्या लग्नात माइक मीच धरणार. लग्न ठरल्यापासून तेच चाललेलं. कुणाला कधी बोलवायचं, कुणाचं नाव कुणाच्या आधी, नवरीच्या नावाआधी किती थांबायचं. हळद कुठं, जेवण काय, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त तो माइक हवा होता.

दसरा झाल्यावर एका रविवारी 'नेक्स्ट डे' बरोबर आलं. ट नाही, खिळा नाही, स अलगद ड पर्यंत गेला. मी पेन्सिल खाली ठेवली.

'जमलं,' मी म्हटलं.

हे लाजले. पन्नाशीचा माणूस, पण लाजले. पुढच्या रविवारी 'लास्ट नाइट' आलं, मग 'मस्ट बी', मग 'गुड बॉय'. ड असा वाकत होता की मी स्वतः म्हटलं असतं तरी तसा वाकला नसता. मी सुटलेच. कॉलेजात सगळ्यांना सांगितलं, वर्गात ऐकवलं. पोरं यांच्या मागून म्हणायला लागली आणि त्यांचेही ट गळायला लागले.

'जीभ जड झाल्यावानी वाटती गं,' हे एकदा म्हणाले.

'इंग्रजी बसतंय तिच्यावर,' मी म्हटलं.

दोघं हसलो. हसता हसता त्यांना चहाचा ठसका लागला, मी पाठीवर थापटलं. कुणीतरी आठवण काढली असेल, म्हटलं. ठसका नंतर वरचेवर लागायला लागला. पाण्याचाही. आठवण काढणारं माणूस भलतंच चिवट होतं.

थंडीत एका संध्याकाळी दीर आला आणि अंगणातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. खाली बघत म्हणाला, 'वैनी, राग मानू नका. दादा घ्यायला लागलाय का?'

'काय घ्यायला?'

'परवाच्या लग्नात लोक म्हनत हुते. नावं घेताना जीभ अडखळती. येकजण तर बाटली हलवून दाखवत हुता.'

मी इतकी भडकले की विचारू नका. ज्या माणसानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, त्याच्याबद्दल त्याच्या पाठच्या भावानं माझ्या दारात उभं राहून हे विचारावं. मी वाट्टेल ते बोलले. तो सगळं ऐकून घेऊन गेला. त्यानं उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पौषानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली तशी आमच्या भागातल्या एका बड्या पुढाऱ्याच्या घरचं लग्न आलं. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. त्यांना सगळे साहेब म्हणतात. मीही गेले होते. साहेबांची गाडी आली, चिठ्ठी वर गेली, हे माइकसमोर उभे राहिले. पद नीट आलं. गाव नीट आलं. आणि नाव आलं ते असं, की ओला कपडा न पिळताच दोरीवर टाकावा. मांडवात कुणीतरी हसलं. यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. मग साहेबांच्या मागची पोरं पुढं सरकली. त्यातला एक स्टेजवर चढला, यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि यांच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्या मांडवासमोर.

साहेब लांबून हसत होते. हात जोडून, सगळ्यांकडं बघून, नेहमीसारखे.

दुसऱ्या दिवशी दोघं जण गोदामावर आले. दिरानं खुर्च्या दिल्या, ते बसले नाहीत. एकानं कनातीच्या थप्पीवरून हात फिरवला. 'माल लई हाय तुमचा,' म्हणाला. 'कापडच हाय सगळं, जपत जा. आन् दादाला सांगा, सायबाचं नाव नीट घ्यायचं असतंय.' चहा न पिता गेले. दिराचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानंतर त्यानं यांना माइकवर बोलावलं नाही. मी मात्र रात्रंदिवस मनातल्या मनात ते नाव ऐकत राहिले.

त्या नावात ट होता. मधोमध. त्याच्या अलीकडं आ, पलीकडं ए. दोन्ही बाजूंना मोकळी जागा. वाकायला कुणी नाही, बिलगायला कुणी नाही, धक्का द्यायला कुणी नाही. मी वर्षभर ज्या नियमावर बसले होते त्याप्रमाणे तो ट गळायलाच नको होता.

सकाळी हे ओट्यावर दाढी करत होते. मी समोर बसले.

'अहो, वाटी म्हणा.'

'कावून?'

'म्हणा तरी.'

त्यांनी म्हटलं. मी म्हटलं, पाटी म्हणा. काटा म्हणा. नुसतं ट म्हणा. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, ते गालाला साबण लावून हसत हसत म्हणत होते. एकही ट उभा राहत नव्हता. आणि ब म्हणा म्हटलं तर त्यातून थोडी हवा नाकात जाऊन म सारखं काहीतरी येत होतं. हे इंग्रजी नव्हतं. इंग्रजी कधीच नव्हतं. दसऱ्यापासून जे जमत होतं ते हेच होतं.

'बास?' त्यांनी विचारलं.

'बास,' मी म्हटलं. आत जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि तोंडात पदर घालून रडले.

लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. कधीपासून आणि काय काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. आधी ट, मग ड, मग र, आता ब नाकात जातोय. सकाळी थोडं बरं, दिवस चढेल तसं जास्त. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. 'मॅडम, तुम्ही याच क्षेत्रातल्या का?' मला काय सांगावं कळेना. मग त्यांनी यांना जीभ बाहेर काढायला लावली. नवऱ्याची जीभ एवढ्या उजेडात मी कधी बघितली नव्हती. ती स्वस्थ नव्हती. स्थिर धरा म्हटलं तरी तिच्या कातडीखाली काहीतरी बारीक बारीक वळवळत होतं.

स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. यांच्यात जिभेपासून सुरुवात झाली, पुढं हात, गिळणं, श्वास. गोळ्यांनी थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. हे सगळं ते हळू आवाजात, अगदी स्पष्ट बोलले. प्रत्येक अक्षर सुटं.

हे तेवढंच ऐकत बसले होते. मग म्हणाले, 'वैशाखापर्यंत माइक धरता येईल का?'

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. 'काय म्हणतात?'

मी यांचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणून दाखवलं. मग उत्तराची गरज उरली नाही. यांनाही ते कळलं. बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून बसले आणि अंबाजोगाई गेलं तरी वळले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी ठरवून टाकलं. माइक मी धरायचा. मी म्हटलं, वेड लागलंय का, आपल्याकडं बाई कधी उभी राहिलीय का माइकवर? साहेब येणार, ती पोरं येणार, भाऊजी आधीच घाबरलेत, एक नाव इकडचं तिकडं झालं तर त्या कापडाच्या थप्प्यांना काडी लागायला वेळ लागणार नाही. हे ऐकत होते. मग तोंडातली लाळ पुसून, एक एक शब्द ओढत म्हणाले, 'तुलाच. दुसरं कुणी न्हाई.'

पुन्हा गोदाम, पुन्हा रविवार. या वेळी पेटीच्या त्या बाजूला हे आणि या बाजूला मी. नावं मी घ्यायची आणि चुकलं की त्यांनी पत्र्यावर बोट आपटायचं. एकदा आपटलं की पुन्हा. मला वाटलं होतं, आपलं काय, आपण शिक्षक. पण माझी जीभ घाईची निघाली. वर्षभर मीच जोडा जोडा म्हणत होते ना, आता सगळी नावं एकमेकांत कालवली जात होती. 'माजी सभापती'मधला ज आणि स एकत्र, आडनावाचं शेवटचं अक्षर पुढच्या गावात. टक्. पुन्हा. टक्. पुन्हा. मी रडकुंडीला यायची. त्यांना दया यायची नाही. एकदा मी चिडून म्हटलं, आता सूड उगवताय का? तर त्यांच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला. हसण्यातलाही अर्धा आवाज तोवर गेला होता.

पुस्तिका मी तशीच ठेवली होती. ती उघडली तर पुढं काय काय जाणार ते मला वाचता येत होतं. क कुठल्या स्नायूनं होतो, ग कुठल्या. सगळ्यात शेवटी ह राहतो, त्याला जीभ लागत नाही, नुसता श्वास लागतो. हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. आम्ही रोज समोरासमोर बसून जेवत होतो. होळीच्या सुमाराला त्यांच्या हातातून पाण्याचा पेला निसटला. घामामुळं असेल, असं मी म्हटलं. त्यांनी हात लुंगीला पुसला.

वैशाख आला. मांडव भरला. दिरानं मला तीनदा विचारलं, 'वैनी, होईल ना?' हे पुढच्या रांगेत खुर्चीवर, डोक्याला फेटा, मांडीवर रुमाल. नवरीनं त्यांना स्वतः आणून बसवलं होतं. मी माइकसमोर गेले तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली. बाई बघून थांबली. मग गाड्या यायला लागल्या, चिठ्ठ्या यायला लागल्या. मी नावं घेत गेले. आजी आधी, माजी नंतर. साहेब आले, मागं तीच पोरं. मी त्यांचं नाव घेतलं आणि मधला ट असा उभा केला की मलाच तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आलेला ऐकू आला. साहेब हात जोडून हसले. पोरं बसली. दिरानं डोळे मिटून घेतले.

भीती तिथं संपायला हवी होती. पण चिठ्ठ्या संपल्या आणि एक नाव उरलं, जे कुणी चिठ्ठीवर लिहून पाठवलं नव्हतं. माइकवाल्याचं नाव माइकवर कधीच कुणी घेत नाही. आणि आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेते ते उखाण्यात, लाजत, शेवटचं अक्षर पदरात. मी आजवर कधी पूर्ण उच्चारलं नव्हतं. त्यांच्याही नावात ट आहे. तीन महिन्यांपासून त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, नवरीचे मोठे काका, ज्यांच्या आवाजात तुम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं आपापली नावं ऐकली. आणि नाव घेतलं. घेताना गळा भरून आला आणि ट गेला.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तसंच, गोदामातल्यासारखं, दयामाया नसलेलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बोट उचलायला त्यांनी जोर लावला, मला तो त्यांच्या मानेत दिसला. बोट उचललं गेलं नाही. जागेवरच थोडं थरथरलं.

मी नाव पुन्हा घेतलं.